मागच्या खोलीचा निरोप

९ फेब्रुवारी

आज ठरलं. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या मलाच माघार घेता येणार नाही. मागची खोली रिकामी व्हायला हवी आणि तिथल्या राणीसरकारांनी आपला मुक्काम हलवायला हवा.

काल आई जिन्यात अडकली. बाजारातून परतताना दुसऱ्या मजल्यावर गुडघा आखडला आणि ती मांडीवर पिशवी घेऊन पायरीवरच बसून राहिली. शेजारचा सुतार कामावरून आला तेव्हा त्याने तिला वर नेलं. हे सगळं तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं, जणू सहलीला जाऊन आली. "सुताराच्या हातांत ताकद आहे हं," म्हणाली. मला काही हसू आलं नाही. शहात्तर वर्षांची बाई तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टविना. आणि तिच्या मुलीच्या घरी तळमजल्यावर एक अख्खी खोली, लागून न्हाणीघर, मधे एक पायरीसुद्धा नाही. तिथे कोण राहतं? तर माझ्या नवऱ्याची सत्तावीस वर्षांची मुलगी. चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासून बसवते, पगार बरा आहे, हातपाय धड आहेत. बाप तिला अजून 'पिल्लू' म्हणतो. सत्तावीस वर्षांचं पिल्लू!

सकाळी चहाला बसलो तेव्हा नवऱ्यासमोर विषय काढला. वाटलं होतं, आढेवेढे घेईल. पण त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुझं अगदी बरोबर आहे. आईंना आणायलाच हवं. मी बोलतो तिच्याशी. तू बोलू नकोस."

ते शेवटचं सांगायची गरजच नव्हती. तो या घराचा कायदा आहे. माझं लग्न झालं तेव्हा ही पोरगी सोळा वर्षांची होती. आई लहानपणीच गेलेली, बापाने एकट्याने वाढवलेली. पहिल्याच महिन्यात न्हाणीघर कोण किती वेळ अडवून ठेवतं यावरून आमची अशी जुंपली की तिने दार आपटलं आणि मी शिट्टी फुंकली. हो, घरात. पोहण्याच्या तलावावर दिवसभर तेच करते, हात आपोआप शिट्टीकडे गेला. त्या दिवशी नवऱ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि नियम करून टाकला. मीठ दे, पाणी दे, कडी लाव, एवढं आपापसात बोलायचं. बाकी दोघींमधलं जे काही असेल ते त्याच्यामार्फत. मी त्याला सांगायचं, तो तिला सांगणार. तिने त्याला सांगायचं, तो मला. तेव्हापासून घरात कुणाचा आवाज चढलेला नाही. सावत्र मुलीशी कसं जमतं असं लोक विचारतात, तेव्हा मी ताठ मानेने सांगते, उत्तम जमतं.

शिवाय तो दातांचा डॉक्टर. नको ती गोष्ट गोड बोलून उरकणं हा त्याचा धंदाच आहे. आमची ओळखसुद्धा माझ्या दाढेवरून झाली. "आज नुसती बघतो," म्हणाला आणि बघता बघता दाढ काढून समोरच्या ताटलीत ठेवली. तेव्हा हे काम त्याच्याकडे दिलं आहे ते योग्यच आहे.

११ फेब्रुवारी

बोलला एकदाचा. काल संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन दार लावून बसला होता. बाहेर आला तेव्हा मी भाजी चिरत होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "सुरुवातीला गप्प बसली. मग म्हणाली, मावशींचं बरोबर आहे, त्यांच्या आईचा हक्क आधी. फक्त जागा शोधायला जरा वेळ द्या."

मला बरं वाटलं. वाटलं, पोरगी समजूतदार आहे, उगाच आपण मनात वाकडं धरतो. महिनाअखेर ठीक आहे असा उलट निरोप पाठवला. तो लगेच आत गेला, दोन मिनिटांत परत आला आणि "हो म्हणाली" असं सांगून पेपर घेऊन बसला.

१२ फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय. घर सोडायला सांगितलेलं माणूस असं दिसतं का? आज नाश्त्याला गुणगुणत आली. माझ्या ताटलीत आपणहून उकडलेलं अंडं ठेवलं. वर म्हणते, "मावशी, स्वेटर छान आहे हं. खूप ऊब आहे."

अंगात निळा नवा स्वेटर. आता तिने स्वतःला स्वेटर घेतला, त्याचं कौतुक मी का करायचं? मी म्हटलं, "असेल." तरी हसली. चेहऱ्यावर काळजीची एक रेघ उमटत नाही या मुलीच्या. मला कुणी जा म्हटलं असतं तर मी त्याच्या घरचं अंडं उकडलं नसतं.

१६ फेब्रुवारी

आज रविवार. सकाळपासून मागच्या खोलीतून घर्रर्र घर्रर्र. जाऊन बघते तर ही बया ड्रिल मशीन घेऊन भिंतीला भोकं पाडतेय! पडद्याची नवी दांडी. खाटेवर नवे पडदे, पिवळ्या रंगाचे, घड्यासुद्धा न मोडलेले. आणि तिचा बाप खाली स्टूल धरून उभा.

तळपायाची आग मस्तकात गेली. ही खोली सोडायची आहे ना? मग पडदे कुणासाठी? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण कायदा तो कायदा. मी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं आणि स्वयंपाकघरात गेले.

तो आला, दार लोटून घेतलं. म्हणाला, "अगं, हळू. मनाने ती निघायच्या तयारीत आहे. म्हणूनच खोली नीटनेटकी करून देतेय. आईंना पडदे लागतीलच ना?"

म्हणजे ते आईसाठी! मी आपली उगाच तापले. पण मग ड्रिलने माझ्या डोक्यात भोकं पाडण्याआधी एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं?

दुपारी तलावावर बँकेच्या मॅनेजरवर राग निघाला. बिचारा दीड महिना येतोय पण पाण्यात तोंड घालायला घाबरतो. फोमची फळी छातीशी धरून उथळ बाजूला उभा राहतो आणि "उद्या नक्की" म्हणतो. आज मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं की उद्या उद्या करणारा माणूस कोरडाच मरतो. त्याचा चेहरा पडला. नंतर चहा पाजला त्याला.

२१ फेब्रुवारी

जागेचा पत्ता नाही. रोज विचारते, रोज नवरा आत जाऊन येतो. तिने एक जागा पाहिली, आवडली, पण घरमालकाने ऐन वेळी आपल्या भाच्याला दिली. दुसरी पाहिली तर तिथे पाणी येत नाही. तिसऱ्या ठिकाणी वर राहणारा माणूस ढोल वाजवतो म्हणे. माझ्या तर दाताच्या कण्या झाल्या विचारून विचारून. या मुलीच्याच नशिबी सगळी अशी घरं का येतात, मला समजत नाही. आणि एवढं सगळं करून संध्याकाळी घरी येते ती टवटवीत. जागा शोधून दमलेलं माणूस कसं दिसतं ते मला माहीत आहे, मी सहा घरं बदलली आहेत.

"तिला म्हणावं, आईने भांडी गुंडाळायला घेतलीत," मी म्हटलं.

"सांगतो," नवरा म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ती तुला फार मानते, माहीत आहे ना? परवाच म्हणत होती, मावशी आल्यावर या घराला घरपण आलं."

असं काही ऐकलं की माझी बोटंच सैल पडतात. तो हे अधूनमधून सांगतो. मी चेहऱ्यावर दाखवत नाही, पण दोन दिवस पुरतं ते मला.

२३ फेब्रुवारी

आईकडे गेले होते. खरंच भांडी गुंडाळून ठेवली आहेत, एकेक, जुन्या वर्तमानपत्रात. फक्त एक पातेलं, एक कप आणि एक ताटली बाहेर. एरवी कुणाकडे दोन दिवस राहायचं म्हटलं तरी नाक मुरडणारी बाई. यावेळी निघायला तयार आहे, म्हणजे जिन्याने तिला किती घाबरवलं असेल ते कळतं.

"त्या पोरीला घालवून मला नको यायला," म्हणाली.

"कुणी घालवत नाहीये. स्वतःहून जातेय."

"तू विचारलंस तिला?"

"यांनी विचारलं."

आई म्हणाली, "तूच का नाही विचारत? तुझी जीभ काय त्याने दाढेबरोबर काढून घेतली?"

आईला आमच्या घरची पद्धत कधी पटली नाही. तिला मी सांगितलं, एक तारखेला तू माझ्याकडे. शब्द दिला.

२८ फेब्रुवारी

उद्या एक तारीख. मागच्या खोलीत एक खोकासुद्धा भरलेला नाही.

संध्याकाळी ती भांडी घासत होती, मी पुसत होते. नवरा दिवाणखान्यात. माझ्या मनात आलं, खड्ड्यात गेला तो नियम. मी फडकं खाली ठेवलं. नेमकी त्याच क्षणी तीही नळ बंद करून वळली. "मावशी, मला तुमच्याशी जरा..." एवढंच बोलली आणि नवरा दारात हजर. "पिल्लू, तुझा फोन वाजतोय." ती हात पुसत गेली. मला काही फोन ऐकू आला नव्हता, पण माझ्या कानात तलावाचं पाणी असतंच.

बरं झालं तो आला. ती काय बोलणार होती ते दिसतच होतं, आणखी मुदत हवी. आणि मग मी जे बोलले असते ते भांड्यांसकट सगळ्या गल्लीने ऐकलं असतं.

आईला फोन केला. दहा-पंधरा दिवस थांब म्हटलं. "बरं," म्हणाली. मग जरा वेळाने, "म्हणजे भांडी परत काढायची का?"

या मुलीला मी कधी माफ करणार नाही.

४ मार्च

आई पडली. काल सकाळी, जिन्यात. बाजारातून येताना नाही, जाताना. खाली उतरताना. खुबा मोडला.

बाकी लिहवत नाही.

६ मार्च

शस्त्रक्रिया झाली. हाडाचे डॉक्टर म्हणतात व्यवस्थित झाली. आता वॉकर धरून चालेल, तेही काही आठवड्यांनी, आणि एकटीने राहायचं नाव काढायचं नाही. ती माझ्या घरी आपल्या पायांनी चालत येणार होती. आता तिला आणावं लागेल. यात फरक काय ते ज्याला कळत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

आणि आता जे झालं ते लिहिते. कालची दुपार.

मी वॉर्डबाहेरच्या बाकावर होते. राणीसरकार आल्या. हातात थर्मास आणि आईचा चष्मा. पडताना काच फुटली होती, फ्रेम वाकली होती. आई पडली त्याच दिवशी नवऱ्याने तो नेऊन हिला दिला, आणि हिने दोन दिवसांत नवी भिंगं बसवून आणला. आत जाऊन आईच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे काडी नीट बसते का ते बघितलं. आई म्हणाली, "आता छत दिसलं. घाण आहे गं." ती हसली.

ते हसणं बघून माझं डोकं फिरलं. बाहेर आली तशी मी उभी राहिले.

"आता तरी सोडशील ना खोली?"

"कुठली खोली?"

"वेड पांघरू नकोस. महिना होत आला तुला सांगून."

"मला?" ती म्हणाली. "मला कुणी काय सांगितलं?"

"तुझ्या बापाने. माझी आई यायची आहे, तू जागा बघ म्हणून."

तिने थर्मास बाकावर ठेवला. "बाबा म्हणाला, आजी यायला तयार नाहीत. तुम्ही खूप समजावलंत, पण त्यांना त्यांचं घर सुटत नाही. म्हणून तर मी त्या दिवशी भांडी घासताना तुमच्याशी बोलायला वळले होते, मी समजावू का त्यांना म्हणून."

"आणि ती भाच्याला दिलेली जागा? ढोल वाजवणारा माणूस?"

"कुठला भाचा?"

ती बाकावर बसली. म्हणाली, "मावशी, मी वर्षभर जायचं म्हणतेय. दुकानातली माझी मैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून जागा घेतली होती. किल्ली हातात होती. बाबाने येऊन सांगितलं, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. रडताय. म्हणताय, लोक म्हणतील सावत्र आईने घालवली. मी किल्ली परत केली. या जानेवारीतही तेच झालं. मग म्हटलं, राहायचंच आहे तर निदान पडदे तरी आपल्या आवडीचे असू देत."

"मी? दोन दिवस जेवले नाही?" माझा आवाज इतका चढला की नर्सने डोकं बाहेर काढलं. "मी आयुष्यात एक वेळचं जेवण सोडलेलं नाही! आणि रडले कधी? दाढ काढली तेव्हासुद्धा रडले नव्हते!"

"मला काय माहीत? तुम्ही कधी काही बोलतच नाही."

"तू तरी कुठे बोलतेस!"

मग तिने स्वेटरची बाही ओढली आणि विचारलं, "मग हा? हा वाढदिवसाला तुम्ही दिलात ना?"

मला तिचा वाढदिवस कधी असतो तेही माहीत नाही. असतो फेब्रुवारीत कधीतरी. मी मान हलवली, नाही अशी. तिचा चेहरा लाल झाला. म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला बोलून दाखवता येत नाही, पण आतून..."

मीही विचारणार होतेच. विचारलं. "मावशी आल्यावर या घराला घरपण आलं, असं म्हणालीस का कधी?"

ती बुटांकडे बघत राहिली. मला उत्तर मिळालं.

मी या माणसाच्या शब्दांवर किती वर्षं दोन दोन दिवस काढले. लाज वाटते मला.

७ मार्च

दवाखान्यात गेले. त्याच्या. घरी बोलायला गेले असते तर चहा ठेवून विषय बदलला असता त्याने, म्हणून तिथेच. खुर्चीत एक बाई तोंड वासून आडवी, ओठांत कापूस. मी दार उघडलं तसा तो म्हणाला, "अगं, पेशंट आहे."

"असू दे. त्यांना बोलता येत नाही, बरंच आहे. तू सांग, कितीदा गेलास तिच्या खोलीत? दार लावून काय करत होतास? हवापाण्याच्या गप्पा मारत होतास?"

त्याने हातातली कळ सोडली, यंत्र बंद झालं. "घरी बोलू."

"घरी आपण बोलतो का? घरी तू बोलतोस! माझ्या तोंडून तू, तिच्या तोंडून तू! माझी आई खुब्यात सळई घालून पडली आहे आणि तू ढोल वाजवणारा माणूस शोधून काढतोस!"

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "खरंच. दर वेळी सांगायला म्हणूनच आत जायचो. ती काहीतरी करत बसलेली असायची. वर बघून हसायची. मग म्हटलं, उद्या."

"आणि बाहेर येऊन मला थाप मारायची."

"तू रागावली असतीस."

"अरे, मग रागावले असते! राग आला की मरतं का कुणी?"

खुर्चीतली बाई काहीतरी म्हणाली, कापसातून. तो तिला म्हणाला, "चूळ भरा." मग माझ्याकडे वळला. तोंडावर मास्क होता, नुसते डोळे दिसत होते. "अकरा वर्षं घरात भांडण झालं नाही," म्हणाला. "ते मी केलं. तुम्हा दोघींना वाटतं ते आपोआप होतं. ती लहान असताना मी एकटा होतो, एवढंसं पोर आणि मी. ती गेली की घरात काय राहील ते मला माहीत नाही."

"मी राहीन," मी म्हटलं.

तो नवा कापूस घ्यायला वळला.

बाईला "माफ करा" म्हटलं आणि बाहेर पडले. तलावावर गेले आणि कुणालाही न शिकवता नुसती पोहत राहिले. पाण्याखाली शिव्या देता येतात, कुणाला कळत नाही.

९ मार्च

ती जातेय. मैत्रिणीच्या जागेत एक खाट रिकामी आहे. मी जा म्हटलं नाही, तिने विचारलं नाही. खोके घेऊन आली आणि भरायला लागली. मीही खोलीत गेले आणि पुस्तकं उतरवू लागले. नवरा स्वयंपाकघरात.

आधी नीट चाललं होतं. मग ती म्हणाली, "सायकल बोळात लावते म्हणून तुम्ही मला कधी बोलला का नाहीत? अडचण व्हायची तर सांगायचं."

"शंभरदा सांगितलंय! त्याला!"

"मला तो म्हणायचा, सायकल आत घे, चोरीला जाईल."

तिथून सुरू झालं. न्हाणीघरातले केस. माझ्या कपाटातला क्लोरीनचा वास. तिने फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या. मी दर रविवारी पहाटे लावते तो रेडिओ. एकेक बाहेर काढत गेलो. माझी निम्मी वाक्यं तिच्यापर्यंत साखर लावून गेली होती, निम्मी गेलीच नव्हती. तिचीही तशीच.

"आणि माझ्या आईचा फोटो दिवाणखान्यातून काढा, हेही तुम्ही म्हटलं नसेलच," ती म्हणाली.

"ते मी म्हटलं होतं."

तिने हातातला खोका खाली ठेवला. "मला बाबा म्हणाला, भिंतीला ओल आली होती."

"ओल-बिल काही नव्हती. मला रोज तिच्या नजरेसमोर जेवायला नको वाटायचं. अजूनही नको वाटतं. पण मी तो टाकला नाही, नीट गुंडाळून ठेवलाय."

मग मात्र ती भडकली. काय काय बोलली! मला दगड म्हणाली. खेकसणारी म्हणाली, शिट्टीवाली म्हणाली. मी तिला आळशी म्हटलं, बापाच्या कडेवरून कधी न उतरलेली म्हटलं. आवाज असे चढले की समोरच्यांनी खिडकी उघडली. तिने दार आपटलं. मी ते उघडून पुन्हा आपटलं. एकदा ती रडली, एकदा मी. खरंच रडले, कुणी सांगितल्यामुळे नव्हे. माझा सगळा राग काही गेला नाही, तिचाही गेला नसणार. पण मला किती दिवसांनी भूक लागली.

नवरा दोन-तीनदा दारापर्यंत आला. दर वेळी तिने किंवा मी म्हटलं, "तू मधे पडू नकोस."

रात्रीचं जेवण तिघांनी तीन ठिकाणी घेतलं.

१२ मार्च

आज सकाळी टेंपो आला. खाट मी ठेवून घेतली, आईला लागेल. पडदे तिने काढले नाहीत. म्हणाली, आजींना नको असतील तर फेका.

हॉस्पिटलमधून आईला सोमवारी सोडतील. तिला सांगितलं तर म्हणाली, "आता काय, ठेवाल तिथे राहायचं." हे असं बोलणारी माझी आई नव्हे. हे त्या जिन्याने तिच्या तोंडी घातलं, आणि तिला पुन्हा तो जिना उतरायला लावणारा माणूस आत स्वयंपाकघरात बसून होता. तीन दिवस मी त्याच्याशी बोललेले नाही. तो समोर आला की मी उठून जाते. त्याच्याशी राहायचं की नाही, हेही मी ठरवलेलं नाही. ते कुणाच्या मार्फत ठरणार नाही एवढं नक्की.

सामान चढवून झालं. ती बापाचा निरोप घ्यायला आत गेली. मी फाटकापाशी टेंपोवाल्याला दोरी आवळायला मदत करत होते. तिला बराच वेळ लागला. आतून काही ऐकू येत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा हातात शेवटची पिशवी होती. डोळे पुसलेले. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा म्हणाला, मावशीला सांग, माझं चुकलं. माफ कर म्हणाला."

हळू आवाजात, माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली. चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसू लागली.

मी विचारलं, "खरंच असं म्हणाला?"

तिचा हात थांबला. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"नाही," ती म्हणाली.